हाइड घ्यायचा तर आधी खिडकीची उंची मोजा

प्रश्न : मी इंदापूर तालुक्यात शेती करतो. क्रॉप (म्हणजे लहान आकाराच्या) सेन्सरचा कॅमेरा आणि १५०-६०० मिमीची लेन्स आहे. आमच्या शेततळ्यावर आणि शेजारच्या माळावर पक्षी भरपूर, पण पन्नास पावलांवरूनच उडून जातात. म्हणून घडीचा हाइड, म्हणजे पक्ष्यांना न दिसता आत लपून बसायचा आडोसा, घ्यायचा विचार आहे. ऑनलाइन तीन प्रकार दिसतात : पानांच्या छापाचा दोन माणसांचा तंबू, खुर्चीलाच जोडलेला आणि अंगावरून घ्यायचा. आठ हजारांपर्यंत खर्च करू शकतो. गुडघ्यांमुळे मांडी घालून फार वेळ बसवत नाही. कोणता घेऊ? उन्हाळ्यात आत बसता येईल का? आणि माळटिटवीच्या घरट्याजवळ तो लावला तर चालेल का?

नमस्कार,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. घरट्याजवळ हाइड लावू नका, कितीही लांबची लेन्स असली तरी. माळटिटवी, धाविक, चंडोल हे उघड्या जमिनीवर अंडी घालतात आणि त्यांचा हंगाम ऐन उन्हाळ्यात येतो. भर दुपारी टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नव्हे, सावली धरायला. तंबूला बिचकून ती अर्धा तास लांब राहिली तर तापलेल्या मुरमावर अंडी वाया जातात. शिवाय तिच्या सततच्या ओरडण्यानं कावळ्यांना आणि मोकाट कुत्र्यांना जागा कळते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणं शिकारीच्या व्याख्येतच येतं. शेत आपलं स्वतःचं आहे म्हणून सूट मिळत नाही. मार्च ते जून हाइड लावण्याआधी त्या जागेभोवती तीस-चाळीस पावलं जमिनीकडे बघत फिरा. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहिली तर जागा बदला.

पाण्यावर येणाऱ्या पक्ष्यांसाठी मात्र हाइड जरूर लावा, आणि शेतकऱ्याइतकी सोय दुसऱ्या कुणाला नाही. हाइड दोन-तीन दिवस आधी उभा करून ठेवता येतो, पक्ष्यांना तो सवयीचा होतो.

आता खरेदीचं. जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत कापडाचा छाप असतो, पण तुमचे फोटो बिघडवते किंवा सुधारते ती खिडकी. बाजारात मिळणारे बरेचसे तंबू अमेरिकेतल्या बंदूक-धनुष्याच्या शिकारीसाठी बनवलेले आहेत. खुर्चीत ताठ बसून नेम धरायचा, म्हणून त्यांच्या खिडक्या जमिनीपासून ८०-१०० सेंमीवर असतात. आपल्याला पाणी पिणारा होला किंवा चंडोल त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून हवा. लेन्स एक मीटरवर आणि पक्षी ७ मीटरवर जमिनीवर असला की आपण ८ अंशांनी खाली बघत असतो. पक्ष्याची पाठ दिसते आणि त्याच्यामागे धूसर माळ येण्याऐवजी दोन हातांवरची जमीन येते, तीही खडे मोजता येतील इतकी स्पष्ट. तेव्हा वर्णनात खिडकीच्या खालच्या कडेची उंची शोधा. दिलेली नसेल तर विक्रेत्याला विचारा. ५०-६० सेंमीपर्यंत चालेल.

शिकारीच्या तंबूंची दुसरी अडचण खिडकीतली जाळी. तिच्यातून बाण जातो, फोटो नीट येत नाही. कॉन्ट्रास्ट पडतो, ऑटोफोकस पुढेमागे हलत राहतो आणि मागच्या धूसर भागात दुहेरी रेघा उमटतात. जाळी वर गुंडाळता आली पाहिजे किंवा लेन्सपुरती कापून टाकायची तयारी हवी. लेन्ससाठी वेगळी बाही (लेन्स बाहेर काढायची कापडी नळी) असेल तर उत्तम. तुमच्या प्रकारच्या बहुतेक लेन्सना ९५ मिमीचा फिल्टर लागतो आणि हूड (लेन्सच्या तोंडावरचं कडं) त्याहून रुंद असतो, त्यामुळे बाहीचं तोंड १८-२० सेंमीपेक्षा लहान नको. तोंडाला नाडी हवी. इलॅस्टिक असेल तर झूम फिरवताना कापड लेन्सबरोबर ओढलं जातं आणि सगळा तंबू हलतो.

तुम्ही पाहिलेल्या तीन प्रकारांपैकी खुर्चीचा हाइड आधी बाजूला ठेवा. त्याची बैठक ४०-४५ सेंमीवर पक्की बसवलेली असते आणि समोरचं कापड गुडघ्यांवरून उतरतं येतं. कॅमेरा, ६०० मिमीपर्यंत ताणलेली लेन्स आणि हूड मिळून जवळजवळ अर्धा मीटर लांबी होते. त्यात ट्रायपॉडचे पाय उघडायला जागाच उरत नाही. दुर्बिणीतून पक्षी बघणाऱ्याला तो आरामाचा आहे, तुमच्या लेन्सला नाही.

दोन माणसांचा मोठा तंबू दीड मीटर लांब-रुंद आणि साधारण १६५ सेंमी उंच असतो. त्याच्या प्रत्येक भिंतीच्या मध्यभागी फायबरच्या काड्यांचा सांधा असतो. तो बाहेर ओढला की भिंत ताठ होते. आत ऐसपैस बसता येतं, पण वजन ७ ते १० किलो भरतं, माळावरच्या वाऱ्यात तो सगळ्यांत आधी फडफडतो आणि सपाट रानात लांबून ठळक दिसतो. तुमच्या रकमेत जो मिळेल त्याच्या काड्या पातळ असण्याची शक्यताच जास्त. दोघं मिळून फोटो काढणार नसाल तर नको.

तुमच्या कामाला येईल तो स्प्रिंग स्टीलच्या चौकटीचा एका माणसाचा, झटक्यात उघडणारा हाइड. वजन साधारण ३ ते ५ किलो, तळ १२० बाय १२० सेंमीपेक्षा कमी नको (खुर्ची आणि ट्रायपॉड दोन्ही बसायला एवढं लागतंच), उंची १४०-१५० सेंमी. तळाला कापड नसलेला निवडा. खाली कापड असलं की पाय हलवताना कुरकुर होते, आणि मुरमावर ते दोन-चार खेपांत फाटतं. कापड किमान १५० डेनियरचं (हे धाग्याच्या जाडीचं माप) आणि आतून काळं असावं.

खिडकी हवी तेवढी खाली असलेला हाइड मिळाला नाही तर साधा घ्या आणि गावच्या शिंप्याकडून बाही लावून घ्या. जमिनीपासून ६५ सेंमी उंचीवर मध्य धरून २५ सेंमी व्यासाचं भोक कापायचं, कडेला दुहेरी पट्टी शिवायची आणि काळ्या सुती पॉपलिनची ४० सेंमी लांब बाही जोडायची. बुडाशी २५ आणि तोंडाशी १८ सेंमी. बाहीच्या वर एक वीत अंतरावर डोळ्यांच्या उंचीला तळहाताएवढी फट ठेवून तिला आतून काळी जाळी लावा, म्हणजे पक्षी कुठून येतोय ते दिसेल. फक्त कॅमेऱ्यातून बघत राहिलात तर अर्धे पक्षी निसटतात. खिडक्यांना वेल्क्रो असेल तर शिंप्याकडेच तो काढून लाकडी बटणं आणि दोरीचे फास लावून घ्या. पहाटेच्या शांततेत वेल्क्रो ओढल्याचा आवाज पाण्यावर उतरलेला थवा उठवतो.

अंगावरून घ्यायचं कापडही कमी समजू नका. ते किलोभराचं असतं, कोणत्याही खुर्चीवर चालतं आणि बांधावर किंवा पाण्याच्या काठावर दोन मिनिटांत आपण बसलो की हाइड तयार. त्याचा दोष एकच : तुमची प्रत्येक हालचाल कापडावर दिसते. त्यामुळे दोन तासांच्या बैठकीला तंबू आणि अर्ध्या तासाच्या कामाला कापड. ते विकत न घेता मातकट रंगाच्या सुती कापडाचं शिवून घेतलंत तर तुमच्या रकमेत दोन्ही बसायला हरकत नाही.

रंगाबद्दल थोडक्यात. दिवाळीनंतर आपला माळ गवती-पिवळा होतो तो मृगापर्यंत. परदेशी झाडांच्या हिरव्या पानांचा छाप त्यात काळपट ठिपक्यासारखा उठून दिसतो. साधा खाकी किंवा वाळल्या गवताचा रंग कधीही सरस. लष्करी गणवेशाशी मिळताजुळता छाप टाळा, लोकांच्या मनात विनाकारण शंका येते आणि चौकशी मागे लागते. हाइड किंवा कपडे धुताना पांढरेपणा वाढवणारी पावडर वापरू नका. तिच्यातल्या चकाकी आणणाऱ्या द्रव्यांवर अतिनील किरण पडले की कापड उजळतं, आणि पुष्कळ पक्ष्यांना अतिनील प्रकाश दिसतो. पण रंगापेक्षा महत्त्वाचं आहे ते आतला अंधार. पाठीमागची खिडकी उघडी राहिली तर तुमची आकृती समोरून स्पष्ट दिसते. मागच्या सगळ्या खिडक्या बंद, अंगात गडद कपडे, हातमोजे, तोंडावर रुमाल.

तुमचं शेततळं कागद टाकलेलं असेल तर त्याच्या काठावर हाइड लावून फारसं हाती लागणार नाही. कागद निसरडा, उतार तीव्र. लहान पक्ष्यांना पाय रोवायला जागा नसते. त्याऐवजी तळ्यापासून काही अंतरावर एक उथळ पाणवठा तयार करा. इथेच तुमच्या गुडघ्यांचाही प्रश्न सुटतो : आपण खाली वाकण्यापेक्षा पाणी वर उचलायचं. मुरूम टाकून ४५ सेंमी उंचीचा ढिगारा करा, उतार इतका सौम्य ठेवा की तितर चालत वर येईल. माथ्यावर सव्वा मीटर बाय पाऊण मीटरची सिमेंटची बशी, कडेला १ सेंमी आणि मध्यभागी ४-५ सेंमी खोल. कडेला खडबडीत दगड बसवा. ठिबकची १६ मिमीची नळी आणून तिला ताशी ४ लिटरचा एक ड्रिपर लावा आणि तो फोटोत येणार नाही असा बाजूच्या काठीवर मीटरभर उंच बांधा. थेंब पडल्याचा आवाज बुलबुल आणि सातभाईंना लांबून बोलावतो. बशीपासून एक-दीड मीटरवर बोराटीची वाळकी फांदी रोवा. पक्षी आधी तिथे बसून अंदाज घेतात. फांदीच्या मागे १०-१५ मीटर मोकळं रान असलं की पार्श्वभूमी आपोआप धूसर होते. बशी दर दोन दिवसांनी घासा, शेवाळ आणि डासांच्या अळ्या फार लवकर धरतात. आणि एकदा पाणी ठेवायला लागलात की फोटो काढायचे नसतील तेव्हाही उन्हाळाभर ते चालू ठेवा, पक्षी त्यावर विसंबतात.

आता ३० सेंमी उंचीच्या, पाठीला आधार असलेल्या घडीच्या खुर्चीत पाय पुढे पसरून बसा. तुमचे डोळे साधारण १०५ सेंमीवर येतील. कॅमेऱ्याचा पडदा बाहेर उघडणारा असेल तर लेन्स ६५-७० सेंमीवर ठेवून वरून बघता येतं. पाणी ४५ वर, लेन्स ६५-७० वर, म्हणजे सात मीटरवर जेमतेम २ अंशांचा कोन उरतो. पडदा उघडत नसेल तर ढिगारा आणखी एक वीत वाढवा. तीन पायांचं स्टूल घेऊ नका, पाय भुसभुशीत मातीत खचतात. खुर्चीचे सांधे करकरत असतील तर तिथे मेण चोळा.

हाइड ते बशी हे अंतर ६-७ मीटर ठेवा. क्रॉप सेन्सरवर ६०० मिमीला ६ मीटरवर चौकटीत साधारण २३ सेंमी रुंदी मावते. १५ सेंमीचा चंडोल त्यात छान बसतो. तितर किंवा पखुर्डी आली की ४००वर या, ७ मीटरवर ४० सेंमी मिळतात. १० मीटरच्या पुढे गेलात तर लहान पक्ष्यांचे फोटो नंतर कापावे लागतील. फार जवळ जाण्यातही तोटा आहे : शटरचा आवाज पोचतो आणि अडीच-तीन मीटरच्या आत आल्यावर लेन्सच्या किमान फोकस अंतराची अडचण सुरू होते.

सकाळच्या उजेडासाठी हाइड बशीच्या पूर्वेला. मात्र एक चूक इथे सर्रास होते. सूर्य १० अंशांवर असताना दीड मीटर उंच हाइडची सावली साडेआठ मीटर पडते, म्हणजे थेट बशीवर. १५ अंशांवरही ती साडेपाच मीटर असते, आणि तोपर्यंत सूर्योदयाला तासभर झालेला असतो. उन्हाळ्यात सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेकडून वर येतो, म्हणून हाइड पूर्वेच्या जरा दक्षिणेला सरकवा. सावली बशीच्या बाजूने निघून जाते. हिवाळ्यात उलट.

तंबूबरोबर येणाऱ्या बारीक मेखा आपल्या मुरमात पहिल्याच घावाला वाकतात. फॅब्रिकेशनवाल्याकडून ८ मिमी सळईचे ३० सेंमीचे तुकडे वरून वाकवून घ्या. चार कोपऱ्यांना चार, ताणाच्या दोऱ्यांना चार. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात, तिथे मेख धरत नाही. मातीनं भरलेली गोणी दोरीला बांधा. वाऱ्याकडच्या भिंतीचं खालचं कापड बाहेर पसरून त्यावर माती ओढली की फडफड थांबते. ही फडफड पक्ष्यांना तुमच्या वासापेक्षा किंवा रंगापेक्षा कितीतरी जास्त घाबरवते. हाइडवर सुकं गवत खोवायला कापडाला फास असतात, त्यांचा उपयोग करा; जिवंत झुडपं तोडू नका.

उन्हाळ्यात आत बसवेल, पण ठरावीक वेळच. बंद, आतून काळा तंबू एप्रिलमध्ये दहाच्या सुमाराला असह्य होतो. उजाडताना आत जा आणि साडेनऊपर्यंत उठा. पखुर्ड्या सकाळी ऊन वर आल्यावर पाण्यावर येतात, त्या या वेळेत सापडतात. छतावर एक वीत अंतर ठेवून फिक्या रंगाचं सुती कापड ताणलं की बराच फरक पडतो. कडुलिंबाची सावली मिळाली तर सोनं. बाभळीखाली मात्र काट्यांनी कापडाची चाळण होते. वारा खेळण्यासाठी मागच्या भिंतीचं कापड जमिनीलगत एक वीत उचला, वरची खिडकी उघडू नका. लेन्सचं तोंड बाहीच्या बाहेर दहा-पंधरा सेंमी काढा, नाहीतर आतली गरम हवा बाहीतून निघताना लेन्ससमोर थरथरते आणि नीट फोकस असूनही सगळे फोटो पुसट येतात. लोक लेन्सला दोष देत बसतात, कारण हे असतं. दोन लिटर पाणी जवळ ठेवा. आणि उशिरापर्यंत बसून राहू नका : मे महिन्यात आसपास दुसरं पाणी नसेल तर तुमच्या तिथे असण्यानं एखादा प्राणी तहानलेला परत जातो. अर्धा तास कुणी पाण्यावर उतरलं नाही, नुसते येऊन माघारी फिरले, तर त्या दिवशी हाइड सोडा.

आत जाताना घरातल्या कुणाला बरोबर न्या आणि तुम्ही बसल्यावर त्यांना परत पाठवा. माणूस गेला असं समजून बरेच पक्षी लवकर परततात. कावळे यात क्वचितच फसतात. निघतानाही घरच्यांनीच येऊन पक्षी उठवावेत, मग तुम्ही बाहेर या. पक्ष्यांनी तुम्हाला तंबूतून निघताना पाहिलं की पुढच्या वेळी तंबूच त्यांना नकोसा होतो. सोबतीचं आणखी एक कारण आहे. तुमच्याकडे उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असतो. पहाटेच्या किंवा तिन्हीसांजेच्या अंधारात जमिनीलगत वाकून एकट्यानं बसणं धोक्याचं आहे. उसापासून लांबची जागा निवडा, टॉर्च घेऊन बोलत जा आणि अंधार पडायच्या आत परत या. आधीच उभा करून ठेवलेल्या तंबूत बसण्याआधी कोपरे, खुर्ची आणि गुंडाळलेल्या खिडक्या उजेडात काठीनं झटकून पाहा. विंचू आणि फुरसं नेमके असल्या सावलीत शिरतात. पायात बूट हवेतच.

शेजारच्या माळाचा सातबारा आधी पाहा. इंदापूर, बारामती भागातले पुष्कळ माळ वनखात्याचे आहेत आणि तिथे परवानगीशिवाय हाइड लावता येत नाही. मयूरेश्वर, रेहेकुरी, नान्नज या अभयारण्यांत तर नाहीच. मोकळ्या रस्त्यालगत तुमची गाडीच चांगला हाइड आहे : इंजिन बंद, काचेवर लेन्स टेकवायला वाळूऐवजी तांदूळ किंवा बाजरी भरलेली पिशवी, खिडकीला अर्धी जाळी. भिगवणला रोहित पक्षी होडीतून बघायचे असतात, तिथे तंबू नकोच. उजनीच्या काठावर शेकाटे, चिखले, तुताऱ्या असे काठावरचे पक्षी टिपायचे असतील तर अंगावरचं कापड घ्या आणि पाण्याच्या कडेला न जाता ओल्या-कोरड्या मातीच्या सीमेवर बसा. चिखलात पाय आणि ट्रायपॉड दोन्ही रुततात.

हाइड घरी आला की परत करायची मुदत संपायच्या आत अंगणात उभा करा. उघडताना तोंड बाजूला धरा, स्प्रिंगची चौकट झटक्यात उसळते आणि चष्मा उडवते. आत बसून सगळ्या खिडक्या बंद करा आणि शिवणींतून कुठे उजेड येतो ते पाहा; तिथून पुढे पाऊसही येईल. चेन दहा वेळा उघड-बंद करा. लेन्स बाहीत घालून पूर्ण झूम करा, कापड ओढलं जातंय का बघा. मग घडी घालायची सवय करा : चौकट एकावर एक सपाट आणा, मधोमध आठच्या आकड्यासारखी पिळा आणि एकात एक येणारी तीन कडी होऊ द्या. जोर लावावा लागत असेल तर पीळ उलट्या बाजूला चाललाय. थांबा, सोडा, पुन्हा सुरू करा. जबरदस्ती केली तर स्टीलला कोन पडतो आणि त्यानंतर ती भिंत कधीच सपाट उभी राहत नाही. दवात भिजलेला हाइड तसाच पिशवीत घालू नका. सावलीत पूर्ण वाळवा. ओला राहिला तर आतल्या लेपाची पापुद्री सुटते आणि कापडाला कुबट वास धरतो.